एजंटला ज्वारी समजावताना

मी आहारतज्ज्ञ आहे. बेळगावात बरीच वर्षं रुग्णालयात काम केलं, आता टिळकवाडीत घरूनच सल्ला देते. प्रोग्रॅमिंगशी माझा संबंध एक्सेलपुरता. अशा माझ्याकडे जून २०२५ मध्ये एका सॉफ्टवेअर टूलचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं याची माहिती, लिहायचं काम आलं आणि नोव्हेंबरात ते संपलं. सुरुवातीला काहीच उमगत नव्हतं, आणि विचारायला आसपास कुणी नव्हतं. विषय येतो पण कोड येत नाही, अशा माणसांकडे ही कामं आता यायला लागली आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

फोन पुण्याहून आला. एमएस्सीच्या वेळची मैत्रीण, सध्या एका छोट्या कंपनीत. पदार्थाचं नाव दिलं की त्यातली पोषणमूल्यं काढून देणारं टूल त्यांनी बनवलं होतं. "अगं, माहिती लिहून द्यायची आहे, बाकी काही नाही," ती म्हणाली. मी विचारलं, वाचणार कोण, डॉक्टर की पेशंट? "दोघंही नाहीत. एआय एजंट वाचणार."

हे नीट समजायला मला आठवडा गेला, म्हणून थोडं सविस्तर सांगते. कुणीतरी चॅटमध्ये लिहितो, "आज दोन भाकऱ्या आणि मटकीची उसळ खाल्ली, लोह किती मिळालं?" आतलं भाषा मॉडेल स्वतः ठरवतं की यासाठी कुठलं टूल चालवायचं आणि त्याला काय पाठवायचं. आलेले आकडे घेऊन ते उत्तर देतं. हाच एजंट. आपल्या हाताशी कुठली टूल्स आहेत हे त्याला कळतं एका यादीवरून, आणि ती यादी प्रत्येक संभाषणासोबत त्याच्यापुढे ठेवली जाते: टूलचं नाव, वर्णन, आणि कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची त्याचा तक्ता. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये या गोष्टींचा साचा ठरलेला आहे. म्हणजे मी लिहिणार ती पाच-सहा वाक्यं, त्यावरच एजंटची सगळी समज. त्या वाक्यांचेही टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते, मोजले जातात, दर वेळी पैसे पडतात, त्यामुळे पानंच्या पानं लिहायची सोय नाही. डेव्हलपर मंडळींसाठी वेगळं मोठं पान असतं. ते लिहिणं तुलनेने सोपं गेलं, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

काम सुरू होण्याआधी कागदपत्रं. इथे एक खास सीमाभागातला गुंता निघाला. कंपनी महाराष्ट्रात, मी कर्नाटकात, म्हणजे कागदोपत्री ही आंतरराज्य सेवा. एका नातेवाइकांनी घाबरवलं की आता जीएसटी नोंदणी करावीच लागणार. खडेबाजारातल्या करसल्लागारांकडे गेले. त्यांनी सांगितलं, सेवा देणाऱ्यांना २०१७ च्या अधिसूचनेनं सूट आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर राज्याबाहेर सेवा दिली तरी नोंदणीची सक्ती नाही. सल्ल्याचे ५०० रुपये घेतले, रात्रीची झोप परत मिळाली. मानधन ठरलं ६०,००० रुपये, दोन हप्त्यांत. एकाच कंपनीकडून वर्षात ५०,००० च्या वर व्यावसायिक शुल्क गेलं की तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, जायचा (मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ३०,००० होती). तेव्हा हातात ५४,००० येणार हे आधीच धरून चाला.

मग पत्त्याचा घोळ. जुन्या पासबुकावर बेळगाव, आधारवर बेळगावी. कंपनीच्या हिशेब विभागाने फॉर्म परत पाठवला. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बदललं आहे, हे ईमेलवर समजावून सांगितल्यावर तो मंजूर झाला. तुमच्याकडे असे दोन पत्ते असतील तर फॉर्मसोबतच दोन ओळींचा खुलासा जोडून टाका, आठवडा वाचेल. गोपनीयतेचा करार पुण्यातच ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर झाला. कुरिअरने आला, सही करून मी स्पीड पोस्टने परत पाठवला.

प्रत्यक्ष काम जुलैत सुरू झालं. टूलमागे दोन स्रोत होते. एक अमेरिकेच्या कृषी खात्याचं फूडडेटा सेंट्रल. दुसरा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या भारतीय अन्नघटक सारण्या, ज्यात ५२८ पदार्थांचं विश्लेषण आहे. अमेरिकन माहिती सार्वजनिक आहे, कुणीही वापरावी. भारतीय सारण्यांच्या वापराचा पत्रव्यवहार कंपनीने सांभाळला, मी त्यात नव्हते. फूडडेटा सेंट्रलची चावी, म्हणजे टूलला तिथली माहिती मागता यावी म्हणून लागणारी एपीआय की, मात्र माझी मी काढली. नाव आणि ईमेल द्यायचा, चावी ईमेलवर येते, पैसे लागत नाहीत. तासाला १००० विनंत्या चालतात. नमुन्याची 'डेमो की' वापरलीत तर तासाला ३० आणि दिवसाला ५० वर गाडी थांबते, तेव्हा पहिल्याच दिवशी स्वतःची काढा.

कंपनीतल्या तरुण इंजिनिअरने मला एक साधी स्क्रीन करून दिली. डावीकडे टूलचं वर्णन, ते मी बदलू शकते. उजवीकडे प्रश्न टाकायचा आणि एजंटने कुठलं टूल चालवलं, काय पाठवलं, काय मिळालं ते सगळं दिसतं. "मॅडम, उत्तर शेवटी वाचा. आधी कॉल वाचा," तो म्हणाला. कॉल म्हणजे एजंटने टूलला काय पाठवलं ते. या सगळ्या कामात मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला हाच. उत्तर गोड भाषेत येतं, त्यात चूक लपून जाते. कॉलमध्ये ती उघडी पडते.

प्रश्न कुठून आणायचे? माझ्या जुन्या वह्यांतून. नावं-गावं गाळून पेशंटांचे प्रश्न जसेच्या तसे उतरवून काढले. निपाणीचा मधुमेही शेतकरी, खानापूरची गरोदर बाई, डायलिसिसवरचे निवृत्त शिक्षक. कुणीही "१०० ग्रॅम ज्वारीच्या धान्यातली ऊर्जा सांगा" असं विचारत नाही. "जोंधळ्याची भाकरी चालेल का, आणि किती?" असंच विचारतात.

पहिलाच प्रश्न ज्वारीचा टाकला. एजंटने शांतपणे कळवलं की १०० ग्रॅम ज्वारीत १३९८ कॅलरी असतात. निव्वळ तेल प्यायलं तरी १०० ग्रॅममागे ९०० च्या फारसं पुढे जाता येत नाही, ज्वारीची काय कथा! झालं होतं असं, की भारतीय सारण्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे. १३९८ ला ४.१८४ ने भागलं की ३३४ किलोकॅलरी येतात, आणि तोच आपला ओळखीचा आकडा. टूलकडून नुसतं 'एनर्जी' आणि पुढे आकडा जात होता. माणूस असता तर थबकला असता. हा वॉर्डातल्या नव्या प्रशिक्षणार्थीसारखा, विचारायला लाजतो आणि मोकळी जागा आपल्या मनाने भरून टाकतो. मी वर्णनात एकक लिहिण्याचा आग्रह धरला. इंजिनिअरने त्याहून चांगलं केलं: रकान्याच्या नावातच एकक घातलं, 'एनर्जी_केकॅल'. वर्णन एखाद वेळी नजरेआड होईल, नाव होत नाही. त्यानंतर मी प्रत्येक रकान्याच्या नावात एकक मागितलं. लोह मिलिग्रॅममध्ये, बी-१२ मायक्रोग्रॅममध्ये. शिवाय वर्णनात एक ओळ: १०० ग्रॅममागे ९०० किलोकॅलरींपेक्षा जास्त आकडा आला तर तो चुकीचा समज.

ऊर्जेचा आणखी एक खड्डा अमेरिकन बाजूला आहे. तिथे प्रत्येक घटकाला क्रमांक असतो आणि किलोकॅलरीचा नेहमीचा क्रमांक १००८. पण 'फाउंडेशन फूड्स' या गटातल्या काही नोंदींत १००८ नसतोच. ऊर्जा २०४७ किंवा २०४८ या क्रमांकांखाली असते, कारण ती अ‍ॅटवॉटरच्या सर्वसाधारण किंवा विशिष्ट गुणकांनी, म्हणजे प्रथिनं, स्निग्ध, कर्बोदकं यांच्या दर ग्रॅमला ठरलेली ऊर्जा धरून, काढलेली असते. आधी १००८ पाहा, नसेल तर २०४८, तोही नसेल तर २०४७, हा क्रम आम्ही टूलच्या आतच बसवला आणि मोठ्या पानावर नोंदवला. एजंटला हे सांगायची गरज नाही. त्याला काय सांगायचं आणि काय टूलनेच निस्तरायचं, यावर आमच्या बैठकीतला निम्मा वेळ जायचा.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, मी कर्बोदकांपाशी अडकले, आणि खरं सांगते, या कामात आहारतज्ज्ञाची गरज होती ती इथेच. प्रश्न होता, भारतीय ज्वारी आणि अमेरिकन ज्वारी यांत मधुमेह्याला कुठली बरी. एजंटने दोन्ही स्रोतांतून आकडे आणले: भारतीय ६७.६८ ग्रॅम, अमेरिकन ७२.०९. निष्कर्ष, आपल्या ज्वारीत कर्बोदकं कमी. ऐकायला छान. पण भारतीय सारण्यांत कर्बोदकं काढताना १०० मधून पाणी, प्रथिनं, स्निग्ध, राख यांच्यासोबत चोथाही वजा केलेला असतो. तिथल्या ज्वारीच्या ओळीतले सगळे आकडे मांडून बघा: पाणी ९.०१, प्रथिनं ९.९७, राख १.३९, स्निग्ध १.७३, चोथा १०.२२, कर्बोदकं ६७.६८, बेरीज बरोबर १०० येते. अमेरिकन पद्धतीत चोथा कर्बोदकांतच धरलेला असतो. त्यांच्या ७२.०९ मधून ६.७ ग्रॅम चोथा काढला की ६५.३९ उरतात. म्हणजे एकाच मापाने मोजलं तर निष्कर्ष उलटतो. दोन्ही आकडे खरे, तुलना खोटी. ही गोष्ट कोड वाचून कुणाला कळली नसती, आणि टूलच्या चाचण्याही सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, दिसत होत्या.

यावर मी वर्णनात लिहिलेली ओळ मूळ इंग्रजीत आहे, मराठीत साधारण अशी: "वेगवेगळ्या स्रोतांतले कर्बोदकांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नकोस, भारतीय आकड्यात चोथा धरलेला नाही, अमेरिकन आकड्यात धरलेला आहे." इंजिनिअरला ती लांब वाटली. मी हटले नाही. शेवटी बाकीचं काही काही कापलं गेलं, ती राहिली.

मग भाकरी. टूलमध्ये ज्वारीचं धान्य आहे, भाकरी नाही. एजंट भाकरीचं वजन घ्यायचा आणि धान्याच्या आकड्याने गुणायचा. नेमका फरक दाखवायला मी ४५० रुपयांचा वजनकाटा घेतला आणि शहापुरात भाकऱ्या करून विकणाऱ्या एका मावशींकडे जाऊन बसले. ६० ग्रॅम पिठाची भाकरी तव्यावरून उतरल्यावर साधारण ९० ग्रॅम भरली. पिठावरून हिशेब केला तर २०० किलोकॅलरी. भाकरीचं वजन धान्य समजून केला तर ३००. एका भाकरीमागे शंभराचा फरक, आणि आमच्याकडे एका भाकरीवर कोण थांबतं? मावशींना हे सगळं विनोदी वाटलं. "वजन करून खाल्ल्यावर पोट भरतंय व्हय?" असं म्हणून त्यांनी वर दोन भाकऱ्या बांधून दिल्या. टूलला पाठवायच्या वजनाच्या रकान्याच्या वर्णनात आता असं आहे: "वजन कच्च्या पदार्थाचं दे. शिजलेल्या पदार्थाचं वजनच माहीत असेल तर आधी कच्चं वजन वापरकर्त्याला विचार."

रिकामा रकाना हा त्याहून गंभीर विषय. अमेरिकन माहितीतल्या ब्रँडेड नोंदींत पाकिटाच्या लेबलावर असतील तेवढेच घटक येतात. एका पाकीटबंद डाळीच्या नोंदीत पोटॅशियम दिलेलंच नव्हतं. एजंटने डायलिसिसच्या शिक्षकांच्या प्रश्नाला उत्तर दिलं, "पोटॅशियम ० मिग्रॅ, निर्धास्त खा." वाचून पोटात गोळा आला. डायलिसिसवरच्या माणसाला पोटॅशियम जपून खावं लागतं, आणि इथे डाळीत पोटॅशियम शून्य! आता टूल रिकाम्या जागी नुसतं रिकामं पाठवत नाही, 'मोजलेलं नाही' असे शब्द पाठवतं. वर्णनात ओळ आहे की मोजलेलं नाही म्हणजे शून्य नव्हे, आणि वापरकर्त्याला तसंच सांग. तुम्ही कुठल्याही टूलचं लिहीत असाल, पोषणाचं असो वा पावसाचं, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारा: माहिती नसली तर तुमचं टूल काय म्हणतं?

गणपतीत काम बंदच होतं. सप्टेंबरात नावांचा पसारा आवरला. आमच्या भागात ज्वारीला जोंधळा म्हणतात, रब्बीचा तो शाळू, कानडी बोलणारे पेशंट जोळ म्हणतात. मक्याला कानडीत मेक्के जोळ, त्यामुळे शोधात जोळ टाकलं की मका हजर. कुळथाला हुलगे आणि हुरळी. अशी जोडनावं मी चिकोडी-खानापूरकडच्या ओळखीच्या बायकांना विचारून लिहून काढली, आणि ती टूलमध्येच गेली, वर्णनात नाही. कुंद्याचं वेगळं झालं. बेळगावचा कुंदा दोन्ही स्रोतांत नाही. तरी टूल जवळचं काहीतरी शोधून द्यायचं आणि एजंट त्याचे आकडे कुंद्याच्या नावावर खपवायचा. म्हणून: "नाव नीट जुळत नसेल तर सापडलं नाही असं सांग. दूध, खवा, साखर यांच्या वजनावरून अंदाज करायचा तर तो अंदाज आहे हे स्पष्ट लिही."

काही किरकोळ गोष्टी पटकन सांगते. एजंट कधी कधी नोंदीचा क्रमांक मनानेच तयार करायचा. "क्रमांक नेहमी शोध टूलमधूनच घे" एवढ्या वाक्याने ते जवळपास थांबलं. साबुदाण्याची खिचडी कशी करायची असं विचारलं तरी तो पोषणमूल्यं शोधायला धावायचा, म्हणून टूल कधी वापरू नये हेही लिहावं लागलं. आणि काही अडलं की टूल जे संदेश पाठवतं तेही डॉक्युमेंटेशनच असतं, हे मला उशिरा उमगलं. तासाच्या विनंत्यांची मर्यादा संपली की टूल नुसतं ४२९, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या' याचा सांकेतिक क्रमांक, पाठवायचं आणि एजंट पुन्हा पुन्हा तेच दार ठोठवायचा. आता संदेशात लिहिलं आहे की तासाची मर्यादा संपली, पुन्हा प्रयत्न करू नकोस, वापरकर्त्याला थांबायला सांग.

ऑक्टोबरभर तपासणी चालली, मध्ये दिवाळी. मसुदा पाठवायचा, आठ-दहा दिवस वाट पाहायची, मग लाल शेऱ्यांनी भरलेला परत. माझी सगळी 'कृपया' पहिल्याच फेरीत गेली. वाईट वाटलं, पण टोकन वाचले. एक शिस्त इंजिनिअरने लावली आणि ती मी इतर लिखाणातही पाळते आहे: एका वेळी एकच ओळ बदलायची आणि सगळे प्रश्न पुन्हा चालवायचे. तीन ओळी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, पत्ता लागत नाही. त्याच प्रश्नाला दोनदा दोन उत्तरं येतात हेही लक्षात ठेवा. एकदा बरोबर आलं म्हणून ओळ पास करू नका. चाचण्यांचं मॉडेलचं बिल कंपनीच्या खात्यावर होतं. तुमच्या करारात ते नसेल तर आधीच लिहून घ्या.

शेवटचा मसुदा १ नोव्हेंबरला जायचा होता. त्या दिवशी बेळगावात एकीकडे राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी, दुकानं अर्धी बंद. घरात बसून पाठवायचं असल्यामुळे माझं काही अडलं नाही, पण पाठवलं सोमवारी. त्याच आठवड्यात मंजूर झालं. पहिला हप्ता ऑगस्टमध्ये आला होता, दुसरा यायला अजून वेळ आहे. बिलावर ४५ दिवसांची मुदत आहे. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये दिसायला तिमाहीचं विवरण भरलं जावं लागतं, तेव्हा लगेच नाही दिसला म्हणून फोन करू नका.

टूलच्या पानावर सर्वांत वर मी एक तारीख टाकून घेतली आहे: हे आकडे अमुक आवृत्तीचे. फाउंडेशन फूड्सची माहिती वर्षातून दोनदा अद्ययावत होते, भारतीय सारण्या २०१७ च्याच आहेत. नवी आवृत्ती आली की तेच प्रश्न पुन्हा चालवून बघायचे आहेत, आणि त्याचं बिल वेगळं लावायचं असं मैत्रिणीशी आधीच ठरवून घेतलं आहे.